'हिज गर्ल फ्रायडे': दुसरा परिच्छेद कोण वाचतो?

पारिजातक

हॉवर्ड हॉक्सचा 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) इथे कुणीकुणी बघितलाय? ज्यांनी बघितलाय त्यांच्याशी मला एका मुद्द्यावर मनापासून वाद घालायचाय, आणि ज्यांनी नाही त्यांनी आधी ९२ मिनिटं काढून बघून या, कारण खाली सगळी गोष्ट फोडलेली आहे.

गोष्ट अशी. वॉल्टर बर्न्स हा 'मॉर्निंग पोस्ट'चा संपादक, म्हणजे कॅरी ग्रँट. हिल्डी जॉन्सन ही त्याची घटस्फोटित बायको आणि त्याच पेपरची सगळ्यात तयारीची बातमीदार, रोझालिंड रसेल. ती ऑफिसात येते तेच मुळी सांगायला की मी उद्या लग्न करतेय, ब्रूस बाल्डविन नावाच्या आल्बनीच्या विमा एजंटशी, आणि आजच्याच गाडीनं निघतोय, सासूबाई बरोबर आहेत. वॉल्टरला बायको परत हवी आहे की बातमीदार परत हवी आहे हे त्याचं त्यालाही माहीत नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ल विल्यम्स नावाच्या एका भेदरलेल्या कारकुनाला फाशी होणार आहे, त्यानं एका पोलिसाला गोळी घातलीय, आणि निवडणूक तोंडावर असल्यामुळे महापौर आणि शेरीफ यांना ही फाशी काहीही करून हवीच आहे. मारला गेलेला पोलीस कृष्णवर्णीय, म्हणून ती मतं सांभाळायची, वर शेरीफची 'लाल लोकांना (म्हणजे कम्युनिस्टांना) दोरखंडानं सुधारा' ही घोषणा. वॉल्टर हिल्डीला गळ घालतो की जाता जाता फक्त या माणसाची एक मुलाखत घे. मग तो माणूस तुरुंगातून पळतो, थेट कोर्टाच्या इमारतीतल्या पत्रकारांच्या खोलीत हिल्डीसमोर येऊन उभा राहतो, ती त्याला सरकत्या झाकणाच्या रोलटॉप टेबलात लपवते, आणि तिथून पुढे जे काही सुरू होतं ते श्वास घेऊ देत नाही.

आता माझा मुद्दा. या सिनेमाला सगळे 'सनसनाटी पत्रकारितेवरचं झणझणीत व्यंग' म्हणतात, ते आहेच. पण व्यंग नेमकं कुणावर? मला वाटतं आपल्यावर, बघणाऱ्यावर. सिनेमा इतक्या वेगानं पळवला जातो की आपल्यालाही अर्ल विल्यम्सपेक्षा बातमीचीच काळजी लागते. टेबलाचं झाकण उघडलं जाऊ नये असं आपल्याला वाटतं ते तो माणूस वाचावा म्हणून नाही, 'पोस्ट'ची एक्सक्लुझिव्ह हातची जाऊ नये म्हणून! स्वतःला विचारून बघा.

आणि याचा पुरावा म्हणजे मॉली मलॉयचा प्रसंग. मॉली ही रस्त्यावरची बाई, तिनं अर्लला एकदा पावसात थारा दिला एवढंच, पण पेपरवाल्यांनी तिला त्याची प्रेयसी करून टाकलं, फाशीच्या तख्तावर त्याच्याशी लग्न लावणार वगैरे छापलं. ती त्या खोलीत येऊन रडून ओरडून सांगते की मी असं काहीही म्हटलं नव्हतं, आणि हे सगळे पत्ते खेळता खेळता तिची टर उडवतात. हिल्डी तिला सांभाळून बाहेर नेते. नंतर एकटी परत येते तेव्हा खोलीत एकदम शांतता. ती सगळ्यांकडे बघते आणि एवढंच म्हणते, 'पत्रकार महाशय.' सगळ्या सिनेमात कुणीही कुणावर आवाज चढवून जितकं बोललंय त्याहून हे जास्त लागतं. पुढे अर्ल कुठे लपलाय हे सांगायला लागू नये म्हणून तीच मॉली खिडकीतून उडी मारते. सगळे खिडकीशी धावतात, हलतेय अजून म्हणतात, आणि बातमीसाठी खाली पळतात. तेवढ्यात वॉल्टर आत येतो, हिल्डी हादरलेली आहे, आणि हा तिला विचारतो काय तर अर्ल विल्यम्स कुठाय. पुढच्याच मिनिटाला आपण परत हसायला लागतो. मॉली विसरली जाते, त्यांच्याकडून आणि आपल्याकडून पण. हॉक्सनं हे मुद्दाम केलंय असं माझं ठाम मत आहे. तुमचं?

दादरकर

अप्रतिम धागा पारिजातक! माझा अत्यंत आवडता सिनेमा. मॉलीच्या प्रसंगाबद्दल जे लिहिलंय ते पटलं, तरी आधी हसण्याबद्दल बोलूच द्या, नाहीतर नवीन लोकांना वाटेल की हा काहीतरी गंभीर सिनेमा आहे आणि ते बघायचेच नाहीत.

राल्फ बेलामीचा ब्रूस! हातात छत्री, पावसाचा कोट, आणि चेहऱ्यावर इतका भाबडेपणा की वाईट वाटावं. वॉल्टर त्याला एका दिवसात तीन वेळा आत टाकतो, एकदा घड्याळ चोरलं म्हणून, एकदा बाईची छेड काढली म्हणून, एकदा खोट्या नोटा सापडल्या म्हणून, आणि आईला तर सरळ उचलून नेतात. बरं, एका ठिकाणी वॉल्टर त्याचं वर्णन करताना म्हणतो की तो सिनेमातल्या त्या राल्फ बेलामीसारखा दिसतो! आणि दुसरीकडे धमकी देताना म्हणतो की मला असं बोलणारा शेवटचा माणूस आर्ची लीच, त्यानंतर आठवड्यानं त्यानं गळा चिरून घेतला. आर्ची लीच हे कॅरी ग्रँटचं स्वतःचं जन्मनाव. असल्या जागा सेटवर उत्स्फूर्त घेतल्या जायच्या आणि हॉक्स त्या राहू द्यायचा. रोझालिंड रसेलनं तर आत्मचरित्रात लिहिलंय की ग्रँटच्या तोडीस तोड टोले मारता यावेत म्हणून तिनं स्वतःच्या पैशानं एक संवाद लिहिणारा गाठला होता. पडद्यावर दोघांची जुगलबंदी चालते तेव्हा ती अशी खरोखरची चुरस होती.

जुना_वार्ताहर

पारिजातक, तुमचं निरीक्षण चांगलं आहे पण निष्कर्ष मला मान्य नाही. मी जिल्ह्याच्या पेपरात कोर्ट आणि क्राईम बीट बरीच वर्षं केली, त्या खोलीत बसलेला माणूस म्हणून बोलतो. हा सिनेमा पत्रकारितेचा द्वेष करत नाही, त्याचं तिच्यावर प्रेम आहे, आणि प्रेम आहे म्हणूनच तिची सगळी लक्तरं त्याला ठाऊक आहेत.

एक प्रसंग कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. बातमीदार शेरीफला विनंती करतात की फाशी सातच्या ऐवजी पाचला उरकता येईल का, म्हणजे शहर आवृत्तीत बातमी जाईल. तुमचं काही बिघडत नाही, आमचं काम होतं. शेरीफलाही क्षणभर कसंतरी होतं. हे ऐकून बाहेरचा माणूस हसेल, पण ज्यानं रात्री पान सोडायच्या वेळेला हॉस्पिटलला फोन करून विचारलंय की तो जखमी अजून आहे का, त्याला हसू येणार नाही. आम्ही विचारायचो. डाक आवृत्तीत 'गंभीर' छापायचं की 'मृत्यू', मथळा तर द्यायला हवा ना. माणूस क्रूर नसतो हो, घड्याळ क्रूर असतं. हेक्ट आणि मॅकआर्थर हे दोघे नाटककार शिकागोच्या पेपरांत राबलेले बातमीदारच होते, त्यांना हे सांगायला लागत नव्हतं. १९२८ साली 'द फ्रंट पेज' ब्रॉडवेवर आलं, त्याच नाटकावरून हा सिनेमा. छापील नाटकात त्यांनीच कबूल केलंय की या धंद्याला झोडपायचं म्हणून बसलो आणि लिहिता लिहिता त्याच्या आठवणीनं व्याकूळ होऊन प्रेमपत्रच लिहून बसलो. लेखकच असं म्हणतायत तर मग व्यंग आपल्यावर आहे हे कुठून आलं?

आणि तुमच्या धाग्याचं नाव ज्या वाक्यावरून आहे ते पण इथे सांगाच लोकांना.

पारिजातक

हो, ते राहिलंच. हिल्डी टाईपरायटरवर बातमी बडवत असते, वॉल्टर खांद्यावरून वाचतो आणि म्हणतो यात 'पोस्ट'चं नाव कुठाय, पेपरला श्रेय नको का? ती म्हणते दुसऱ्या परिच्छेदात आहे. त्यावर तो, 'दुसरा परिच्छेद कोण वाचतो?' आणि बाहेर काय चाललंय तर मॉली खाली पडलीय, ब्रूस तुरुंगात, त्याच्या आईला पळवलंय, टेबलात एक माणूस गुदमरतोय.

वार्ताहर काका, तुमचा पाचच्या फाशीचा मुद्दा वाचून खरंच गप्प झाले थोडा वेळ. पण बघा, प्रेम आणि व्यंग एकमेकांच्या विरोधात कुठे आहेत? नाटककारांचं प्रेम मान्य, पण हॉक्सनं १२ वर्षांनी त्याचं जे केलं ते वेगळं आहे. नाटकात पण मॉली उडी मारतेच, फरक वेगाचा आहे. हॉक्सनं संवाद असे लिहून घेतले की वाक्याच्या सुरुवातीचे आणि शेवटचे दोनचार शब्द ऐकू आले नाहीत तरी चालतील, म्हणजे एकाचं संपायच्या आत दुसऱ्यानं सुरू करायचं. आजच्यासारखं प्रत्येकाचा आवाज वेगळा टिपून नंतर जुळवणं नव्हतं, सेटवरच कोण बोलणार त्याप्रमाणे माईक उघडबंद करत रेकॉर्ड केलंय. एवढी यातायात कशासाठी? आपल्याला विचार करायला फट मिळू नये म्हणून. लेखकांना काय म्हणायचं होतं ते त्यांचं, सिनेमा माझ्यावर काय करतो ते मी सांगतेय.

सई_न

मस्त चाललंय. मला हिल्डीबद्दल बोलायचंय कारण इतके प्रतिसाद झाले आणि सगळे वॉल्टरवरच!

मूळ नाटकात हिल्डी हा पुरुष आहे. १९३१ चा लुईस माईलस्टोनचा सिनेमा आहे त्यातही पुरुषच, पॅट ओब्रायन. हॉक्स सांगायचा की एकदा नाटकातला प्रवेश मोठ्यानं वाचताना हिल्डीचे संवाद एका मुलीला वाचायला दिले आणि ते पुरुषापेक्षा तिच्या तोंडी जास्त शोभले. तिथून ही कल्पना. आणि या एका बदलानं केवढं घडलं बघा. नाटकात एक माणूस लग्न करून नोकरी बदलतोय, बास. इथे एका बाईला सगळं जग सांगतंय की तू आता घर कर, मुलं वाढव, माणसासारखी जग, आणि तिलाही ते हवंय असं ती स्वतःला बजावतेय. सगळे पुरुष असलेल्या त्या खोलीत ती सगळ्यात चांगली बातमीदार आहे आणि त्याबद्दल कुणीही भुवई उंचावत नाही. ती बाहेर गेल्यावर तिची अर्धवट मुलाखत टाईपरायटरमधून काढून ते मोठ्यानं वाचतात आणि त्या खवचट लोकांचेही चेहरे बदलतात. १९४० साली! मला आजही असा सिनेमा पटकन आठवत नाही जिथे बाईच्या कामाचा दर्जा असा निव्वळ दाखवलाय, भाषण न देता.

अर्ल पळाल्यावर ती स्कर्ट सावरत त्या वॉर्डनच्या मागे जी धावते आणि त्याला अक्षरशः लोळवून ४५० डॉलर देऊन आतली बातमी काढते, ते पैसे ब्रूसचे. संसाराचे. तिथेच तिचं ठरलं, बाकी सगळं नंतरची औपचारिकता.

पण मग शेवट मला आवडत नाही. ती रडते कारण वॉल्टर तिला खरंच जाऊ देतोय असं वाटलं म्हणून, आणि शेवटी नायगाऱ्याला हनिमूनला जायचं ठरतं तर वाटेत आल्बनीला संप लागलेला, त्यामुळे चला तिकडे. सूटकेस उचलून ती मागून आणि हा पुढे. म्हणजे जिंकलं कोण?

फिरस्ता

@सई_न, शेवटाबद्दल सहमत, पण त्याआधी थोडा इतिहास, कारण बऱ्याच जणांना वाटतं हे सगळं काल्पनिक अतिशयोक्ती आहे.

तशी ती नाहीच. वॉल्टर बर्न्स ज्याच्यावर बेतलाय तो वॉल्टर हौवी, शिकागोतल्या, वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या 'हेरल्ड अँड एक्झामिनर'चा संपादक. हिल्डिंग जॉन्सन नावाचा बातमीदार पण खरा, त्याच पेपरात. आणि अर्ल विल्यम्सचं पळणं घेतलंय ते टॉमी ओकॉनर प्रकरणावरून. पोलिसाच्या खुनासाठी फाशीची शिक्षा झालेला हा माणूस डिसेंबर १९२१ मध्ये, फाशीला चारपाच दिवस उरले असताना शिकागोच्या तुरुंगातून पळाला तो कधीच सापडला नाही. नंतर तिथे फाशी बंद होऊन विजेची खुर्ची आली तरी शिक्षा फाशीचीच असल्यामुळे तो सापडला तर लागेल म्हणून ते फाशीचं तख्त १९७७ पर्यंत ठेवून दिलं होतं. कुणा लेखकानं हे रचलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही दाखवतात.

त्या काळात एका शहरात इतके पेपर आणि दिवसाला प्रत्येकाच्या इतक्या आवृत्त्या, रस्त्यावर पोरं ओरडून विकायची, त्यामुळे दर दोन तासांनी नवा मथळा लागायचाच. आज जे चॅनेलवाले करतात ते तेव्हा शाईनं होत होतं. सिनेमात हे चपखल आलंय: अर्लला टेबलातून बाहेर काढतात तेव्हा तो बिचारा अर्धमेला, प्रतिकार वगैरे काही नाही. पण शेजारी शेजारी फोन धरून उभे असलेले बातमीदार एकाच वेळी आपापल्या पेपरला काय सांगतात? एक म्हणतो जोरदार झटापट झाली, दुसरा म्हणतो गोळीबार करणार होता पण बंदूक चालेना, तिसरा म्हणतो झाकण उघडलं तेव्हा बेशुद्ध पडलेला. सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच घटना घडलीय! मला हा सिनेमातला सगळ्यात भारी प्रसंग वाटतो, मॉलीपेक्षाही.

मुक्ता_

मला वाचताना सारखी तेंडुलकरांची 'कमला' आठवत होती. इथे अजून कुणी काढलं कसं नाही?

१९८१ चं नाटक. 'इंडियन एक्सप्रेस'च्या अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातून एक बाई विकत घेऊन माणसांचा बाजार चालतो हे सिद्ध केलं होतं, त्यावरून तेंडुलकरांना सुचलेलं. त्यातला जयसिंग जाधव कमलाला विकत घेऊन दिल्लीत घरी आणतो आणि पत्रकार परिषदेत उभी करतो. तिथे तिला काय काय प्रश्न विचारले गेले हे घरी येऊन तो आणि त्याचा मित्र हसत हसत सांगतात, आणि बायको सरिता ऐकतेय. मॉली आणि ते पत्ते खेळणारे आठवा. सेम खोली आहे ती. जयसिंगची बातमी खोटी नाही, उद्देश पण वरवर चांगलाच, तरी त्या बाईचं पुढे काय हा प्रश्न त्याच्या डोक्यातच येत नाही.

फरक असा की तेंडुलकर सरितेला थांबवून विचार करायला लावतात. कमला तिला साधेपणानं विचारते की तुम्हाला केवढ्याला घेतलं, आणि सरिताला आपलं सगळं लग्न दिसतं. हिल्डीला कुणी असा प्रश्न विचारत नाही. सई म्हणते तो शेवट म्हणूनच खटकतो, हिल्डी हुशार आहे पण तिला तो क्षण दिलेलाच नाही. मी पारिजातकच्या बाजूची आहे पण मला तेंडुलकर जास्त प्रामाणिक वाटतात.

घाटमाथा

मी काल बघायला घेतला आणि अर्ध्या तासात बंद केला. सगळे एकाच वेळी बोलतात, काही कळत नाही, डोकं दुखलं. एवढं काय आहे त्यात?

दादरकर

@घाटमाथा, सबटायटल लावून बघा, आणि पहिली १५ मिनिटं शब्द पकडायच्या मागे लागू नका, नुसते दोघांचे चेहरे आणि हात बघा. ती पर्स फेकून मारते ती कशी, तो टेबलावर कसा बसतो, हॉटेलात तिघं जेवायला बसतात तेव्हा टेबलाखालून पायानं काय चाललंय. एकदा लय सापडली की मग शब्द आपोआप लागतात. तबल्याची द्रुत लय पहिल्यांदा ऐकताना पण नुसता गोंगाट वाटतो की. आणि सोडू नका, कारण 'जो पेटीबोन' नावाचं पात्र यायचंय अजून! राज्यपालांचा फाशी स्थगितीचा कागद घेऊन येणारा गोलमटोल माणूस, बिली गिल्बर्ट. महापौर त्याला शहराच्या वजनमापं तपासणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी देऊ करतो, म्हणजे तो कागद पोचवलाच नाही असं कर. आणि हा बापडा विचारतो की पण मुलांच्या शाळेचं काय, बायकोला विचारायला हवं. शेवटी तोच परत येऊन म्हणतो मला नको ती नोकरी, आणि कागद देऊन टाकतो. सगळ्या सिनेमात एकच माणूस लाच नाकारतो तो हा.

मुक्ता, 'कमला' बरोबर आठवलीत. त्याच वाटेवर 'जाने भी दो यारो'मधली भक्ती बर्वेंची शोभा पण आहे, 'खबरदार'ची संपादिका, बिल्डरचे पुरावे गोळा करते आणि छापण्याऐवजी सौदा करते. किती थंडपणे केलंय बाईंनी.

आणि वार्ताहर काकांच्या घड्याळाबद्दल: २६/११ ला आम्ही सगळे तीन दिवस टीव्हीसमोरून हललो नव्हतो. कमांडो छतावर उतरतायत ते लाईव्ह दाखवत होते आणि आम्ही बघत होतो, माझ्या घरात कुणीही म्हणालं नाही की हे दाखवू नका. २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले तेव्हा सगळ्यांनी चॅनेलवाल्यांना शिव्या दिल्या. बघणारे आम्हीच होतो. त्यामुळे पारिजातक म्हणते ते व्यंग बघणाऱ्यावर आहे हे मला शंभर टक्के पटतं.

जुना_वार्ताहर

दादरकर, २६/११ चं उदाहरण रास्त आहे. मी विरोध सोडत नाही पण एक भर घालतो, जी खरं तर पारिजातक यांच्याच बाजूला जाते.

अर्लची मुलाखत नीट बघा. सगळा सिनेमा धावतोय आणि तो एकच प्रसंग संथ आहे, पिंजऱ्यासारखी कोठडी, वरून दिवा, दोघं हळू आवाजात बोलतायत. अर्लला बागेतल्या एका वक्त्याचं वाक्य आठवतं की प्रत्येक वस्तूचं उत्पादन वापरासाठीच असतं. हिल्डी ते पकडते आणि विचारते, मग बंदूक कशासाठी असते? गोळी घालायला. म्हणून तुम्ही वापरलीत ना? तो विचार करून हो म्हणतो. त्याला वाटतं, हो, असंच असेल. म्हणजे गुन्ह्याचं कारण तिनं त्याच्या हातात दिलं! तिचा हेतू त्याला वेडा ठरवून वाचवायचा आहे, लेखन सुंदर आहे, सहानुभूती खरी आहे. आणि तरीही ती बातमी तिनं घडवलेली आहे. खोटं छापणारे ते पत्तेवाले ओळखायला सोपे असतात. हिल्डीसारखे ओळखू येत नाहीत. तोंडात शब्द घालून बाईट घेणं हे आम्ही सगळ्यांनी केलंय, 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का की' एवढं म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि अवतरणचिन्हात ते त्याचं वाक्य होतं.

आणि मारल्या गेलेल्या पोलिसाबद्दल कुणीच, हिल्डीसुद्धा, एक ओळ लिहायला जात नाही. त्याच्या घरी कोण आहे हे त्या खोलीतल्या एकानंही विचारलेलं नाही. त्याच्या रंगाच्या मतांची चर्चा मात्र सगळे करतात.

सई_न

बाप रे, मुलाखतीचं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. परत बघणार. मी तो प्रसंग कायम 'हिल्डी बाकीच्यांपेक्षा वेगळी' याचा पुरावा म्हणून बघत आले. मग तीच मुलाखत ती पुढे टराटरा फाडते ना, वॉल्टरनं ब्रूसला अडकवल्याचं कळल्यावर, ते केवळ रागानं की अजून काही?

पारिजातक

सई, रागानंच. पण फाडते ती सगळ्यात चांगलं लिहिलेलं पान, आणि त्यानंतर अर्ल पळतो आणि पुढे ती जे टाईप करते ती निव्वळ घटना असते, कोण कुठे लपला आणि कुणी पकडला. माणूस त्यातून गेलेला. वार्ताहर काका म्हणतात तशी ती मुलाखत घडवलेली असेलही, पण त्यात निदान अर्लच्या डोक्यात काय चाललंय याबद्दल कुतूहल होतं. नंतर तेही उरत नाही. ब्रूस येऊन समोर उभा राहून बोलतो तरी ती मान वर करत नाही. मला वाटतं हिल्डी हरते ती तिथे. सूटकेस फार नंतर येते.

आणि त्याच वेळी वॉल्टर फोनवर पहिलं पान फोडतोय ते ऐका. युरोपातलं युद्ध काढा, हिटलरला विनोदाच्या पानावर टाका, चीनमधला भूकंप उडवा, कितीही मेले असू देत. आणि कोंबड्याची गोष्ट? ती राहू दे, त्यात मानवी जिव्हाळा आहे! सिनेमा जानेवारी १९४० चा आहे, पोलंड पडून चार महिने झाले होते. तेव्हाचा प्रेक्षक हे ऐकून हसला असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल याचा मी खूप विचार करते.

मुक्ता, 'कमला' बद्दल शंभरदा सहमत, त्यावर वेगळा धागा काढच. पण तेंडुलकर जास्त प्रामाणिक हे मी मानणार नाही. तेंडुलकर आपल्याला बाहेर बसवून दाखवतात, आपण जयसिंगला नावं ठेवत घरी जातो. हॉक्स आपल्याला त्या खोलीत पत्ते खेळायला बसवतो.

फिरस्ता

वा. हे शेवटचं वाक्य पटलं.

एक प्रश्न, चांगली प्रिंट कुठे मिळेल? यूट्यूबवर ढिगानं आहेत पण बऱ्याच फारच खराब, आवाज फाटतो, आणि या सिनेमात आवाज फाटला की संपलंच.

दादरकर

कॉपीराईटचं नूतनीकरण न झाल्यामुळे हा सिनेमा सार्वजनिक मालकीचा झालाय, म्हणून कुणीही कसलीही कॉपी चढवतं. शक्य असेल तर जुने सिनेमे दुरुस्त करून काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीची आवृत्ती बघा, २०१७ ची. त्यात १९३१ चा 'द फ्रंट पेज' पण आहे, दुरुस्त केलेली प्रिंट. दोन्ही लागोपाठ बघाच, आधी १९३१ चा. हिल्डी पुरुष असताना काय होतं आणि बाई झाल्यावर काय होतं हे तेव्हाच नीट कळतं. सुरुवातीची पाटी पण चुकवू नका, 'ही पत्रकारितेच्या अंधारयुगातली गोष्ट आहे, आजच्या पत्रकारांशी साम्य दिसणार नाही' अशा अर्थाची.

घाटमाथा

सबटायटल लावून पूर्ण बघितला आज. दादरकर म्हणाले तसं पहिल्या पंधरा मिनिटांनंतर लागला. पेटीबोनला मी उठून टाळ्या वाजवल्या. पण तो टेबलाचा प्रसंग चालू असताना मला खरंच फक्त एवढंच वाटत होतं की 'पोस्ट'ला बातमी मिळू दे, आणि मॉली पडून पाच मिनिटं पण झाली नव्हती. पारिजातक, तुमचा धागा मी बघायच्या आधी वाचला होता, तरीही.

जुना_वार्ताहर

घाटमाथा, आता १९३१ चा बघा आणि इथेच लिहा. माझा अंदाज आहे त्यात तुम्हाला मॉली जास्त वेळ लक्षात राहील. राहिली तर पारिजातक जिंकल्या, मी मान्य करेन.